तळहातावर निजलेलं मांजर: पॉलिमर क्लेमधून इवले प्राणी घडवताना

पॉलिमर क्लेचा पहिला पुडा हाती आला की बहुतेकांचं लक्ष सगळ्यात आधी प्राण्याच्या चेहऱ्याकडे जातं. डोळे, नाक, मिशा. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पहिला ससा करताना त्याच्या दोन डोळ्यांवर तासभर घालवला. डोळे नीट जमले, पण हात लांब करून पाहिलं तर तो ससा आहे की उंदीर हे कळत नव्हतं.

तीन सेंटिमीटरच्या प्राण्यात बारकाव्यांना फार थोडी जागा असते. पाहणाऱ्याला आधी दिसते ती ढब: पाठीचा बाक कुठे आहे, मान कशी निघाली आहे, अंगाचा भार कशावर टेकला आहे. ढब साधली तर डोळ्याच्या जागी नुसता ठिपका दिला तरी प्राणी जिवंत वाटतो. ती चुकली तर डोळे कितीही सुबक असोत, उपयोग होत नाही. म्हणून इथे सगळा क्रम त्या हिशेबाने लावला आहे. आधी आकार, मग अवयव, आणि सुई हातात घ्यायची ती त्यानंतर.

ही माती नव्हे

नाव क्ले असलं तरी हिच्यात माती नसते. पीव्हीसी या प्लास्टिकची अतिशय बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य, रंग आणि थोडी भर, एवढ्यावर ती बनते. त्यामुळे ती हवेत वाळत नाही. झाकून ठेवलेलं अर्धवट काम महिन्याभराने उघडलं तरी पुढे नेता येतं. उष्णता मिळाली की पुडीचे कण ते द्रव्य शोषून फुगतात आणि एकमेकांना धरून एकजीव होतात. भाजणं म्हणजे वाळवणं नव्हे, हे मनात पक्कं असू द्या. पुढच्या बऱ्याच चुका त्यानेच टळतात.

हेच तेलकट द्रव्य काही कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांना चिकटतं, त्यांना विरघळवतं आणि पॉलिश केलेल्या टेबलावर कायमचा डाग पाडतं. क्ले पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवा. अशा डब्याच्या बुडाशी त्रिकोणात 5 हा आकडा असतो. जागा थंड आणि उन्हापासून दूर हवी, नाहीतर न वापरलेली क्ले डब्यातच हळूहळू कडक होत जाते.

फिमो, स्कल्पी, सर्निट, काटो ही क्लेच्या ब्रँडची नावं वारंवार कानावर येतील. यांतल्या फिमोचा उगम बाहुल्यांच्या जगातला आहे. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांच्या मुलीने हे द्रव्य हाताळून पाहिलं, विकसित केलं, आणि 1960च्या दशकात ते फिमो या नावाने बाजारात आलं. छोट्या वस्तू करणाऱ्यांच्या हाती ते टिकून राहिलं यात मला काही नवल वाटत नाही.

सुरुवातीला कुठलीही एकच कंपनी निवडा आणि तिच्यातच रमा. फक्त एक पाहा: अगदी लोण्यासारखे मऊ, लहान मुलांसाठी म्हणून मिळणारे प्रकार भाजल्यावर पातळ जागी चटकन मोडतात. कान, शेपूट, पाय हे सगळे पातळच असतात. थोडी कडक, मळायला जोर लागणारी क्ले प्राण्यांसाठी जास्त चांगली, कारण ती दिलेला आकार धरून ठेवते.

सामान

हत्यारांचे मोठे संच घेऊ नका. गुळगुळीत सिरॅमिक टाइल किंवा काचेचा तुकडा, बुचात खोचलेली शिवणाची सुई, दोन-तीन टूथपिक, पातळ धारदार पातं, गोल डोक्याच्या लहान-मोठ्या टाचण्या, जुना टूथब्रश, एक मऊ रंगाचा ब्रश, हात पुसायला ओले वाइप्स आणि बाटलीभर आयसोप्रोपिल अल्कोहोल. एवढ्यात वर्षभर काम चालतं. पैसे खर्च करायचेच असतील तर ओव्हनमध्ये ठेवायच्या थर्मामीटरवर करा. का, ते भाजण्याच्या भागात येईल.

क्लेला लागलेली हत्यारं आणि भांडी पुन्हा खाण्याच्या कामी वापरू नयेत. काम झालं की हात साबणाने धुवा. लहान मुलं सोबत करत असतील तर पातं आणि ओव्हन मोठ्यांच्या हाती.

मळणं

पुड्यातून काढलेली क्ले सरळ वळायला घेऊ नका. ती कोरडी, भेगाळलेली वाटेल. लहान तुकडे कापा, तळहातात दाबून ऊब द्या, लांब वळी करा, दुमडा, पुन्हा वळा. पाच ते दहा मिनिटं हेच. वळी वाकवल्यावर बाकावर भेगा पडल्या नाहीत की क्ले तयार झाली. दुमडताना मध्ये हवा कोंडू देऊ नका. भाजताना ती हवा पसरते आणि कातडीखाली अर्धचंद्रासारखे फिके डाग उमटतात.

क्ले भुगा होत असेल तर मऊ करणाऱ्या द्रव्याचे एक-दोन थेंब घाला. उलट फारच चिकट होत असेल तर पातळ चकती करून दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून तासभर ठेवा. जास्तीचं तेल कागद ओढून घेतो.

पांढऱ्या रंगाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण नवख्यांचा सगळ्यात जास्त हिरमोड तिथे होतो. पांढरी क्ले हवेतला प्रत्येक धागा, हातावरचा प्रत्येक कण उचलते. लोकरीचे किंवा गडद रंगाचे कपडे घालून पांढरा प्राणी करायला बसू नका. आधी फिके रंग मळा, गडद नंतर, आणि मध्ये हात पुसा. तरीही कचरा दिसलाच तर भाजण्याआधी कापसाच्या काडीला जरा अल्कोहोल लावून अलगद पुसून काढा. दुसरी गोष्ट, पुड्यातला शुभ्र पांढरा प्राण्याच्या अंगावर खोटा दिसतो. त्यात मोहरीएवढा पिवळा आणि त्याच्याही निम्मा तपकिरी मिसळा. थोडी पारदर्शक क्ले मिसळली तर कानांच्या कडांना मांसल झाक येते.

हात लावण्याआधी

जो प्राणी करायचा त्याची तीन चित्रं समोर ठेवा: बाजूने, समोरून आणि वरून. वरून पाहिलेलं चित्र कुणी शोधत नाही, आणि चूक नेमकी तिथेच होते. खांदे अरुंद की पुठ्ठे, डोकं रुंद की मान, हे वरूनच कळतं.

मग माप ठरवा. लघुरूपांच्या जगात 1:12 हे माप सर्वाधिक रुळलेलं आहे. खरी लांबी भागिले बारा. गुंडाळून झोपलेलं मांजर साधारण 35 सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे आपलं तीन सेंटिमीटरच्या आसपास. कागदावर त्या मापाची नुसती बाह्यरेषा काढा. काम करताना प्राणी अधूनमधून त्या रेषेवर ठेवून पाहायचा. मापाचा एक प्राणी दुसऱ्या शेजारी ठेवल्यावर दोघंही खरे वाटू लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून एकच माप धरलेलं बरं.

पहिला प्राणी: झोपलेलं मांजर

पहिला प्राणी उभा करू नका. बसलेलाही नको. झोपलेल्या प्राण्याला तोल सांभाळावा लागत नाही, त्याचे डोळे मिटलेले असतात, पाय आणि शेपूट अंगाला चिकटून असल्यामुळे मोडत नाहीत. आणि ढब शिकायला याच्यासारखा गुरू नाही, कारण झोपलेल्या मांजरात ढबीशिवाय दुसरं काही नसतंच.

क्लेचं माप गोळ्यांनी मोजायची सवय लावा. या मांजरासाठी असे गोळे वळा: अंगासाठी 20 मिलिमीटर व्यासाचा, डोक्यासाठी 10, मांडीसाठी 8, शेपटीसाठी 6, पुढच्या पायासाठी 5, आणि कानांसाठी 3 मिलिमीटरचे दोन. सगळे गोळे आधीच वळून ओळीने ठेवा. डोळ्यांनीच प्रमाण कळतं, आणि काही फार मोठं झालं असेल तर तिथेच दिसतं.

अंगाचा गोळा तळहातावर फिरवून सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा करा. एक टोक जाड राहू द्या, ते पुठ्ठ्याचं. दुसरं थोडं निमुळतं, ते छातीचं. आता तो अर्धगोलात वाकवा आणि टाइलवर हलकेच टेकवा, म्हणजे पोटाकडची बाजू सपाट होईल. बाहेरची कड हा पाठीचा कणा. ही कड सगळीकडे सारख्या उंचीची ठेवू नका. झोपलेल्या मांजराचा सगळ्यात उंच भाग पुठ्ठ्यापाशी असतो, तिथून पाठ उतरते, खांद्यामागे किंचित खोलगट होते आणि खांद्याच्या फऱ्यापाशी पुन्हा थोडी वर येते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कणा जरासा वर ओढा. सगळ्या मांजराचा जीव या एका रेषेत आहे. इथे दहा मिनिटं द्या, पंधरा द्या.

आता टाइल उचला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. डोकं नाही, पाय नाहीत, नुसती काळी आकृती दिसते. तिच्यात झोप दिसते का? दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. क्ले वाळत नाही, घाई कसलीच नाही.

मांडीचा गोळा थेंबासारखा करून चपटा करा आणि पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूवर ठेवा. रुंद भाग मागे, निमुळता भाग डोक्याकडे. फक्त वरची कड टूथपिकने अंगात जिरवा. खालची कड तशीच सोडा, तिथे मांडीची घडी दिसली पाहिजे. सगळेच सांधे गुळगुळीत करून टाकले की मांजर फुगवलेल्या उशीसारखं दिसू लागतं. पुढच्या पायाची छोटी वळी करून छातीखालून आत वळवा, पंजाचं टोक तेवढं बाहेर.

डोक्याचा गोळा वरून जरा दाबा, समोरून नाकाकडे हलकीशी चिमूट काढा. मान वेगळी करायची नाही. या ढबीत ती दिसत नाही, डोकं सरळ छातीला लागतं आणि हनुवटी पंजावर टेकते. डोकं जरा तिरकं ठेवा. सरळ ठेवलेलं डोकं जागं वाटतं. मानेच्या मागच्या बाजूने क्ले टूथपिकने डोक्याकडून खांद्याकडे ओढा, म्हणजे जोड पक्का होईल. नुसतं चिकटवलेलं डोकं भाजल्यावर कधीतरी सुटून हातात येतंच. द्रवरूपात मिळणारी पॉलिमर क्ले असेल तर तिचा एक थेंब जोडावर लावा.

शेपटीची वळी सव्वादोन सेंटिमीटर लांब. पुठ्ठ्याकडून निघून पोटाच्या बाजूने वळसा घेत नाकापर्यंत यावी, आणि पूर्ण लांबीत अंगाला टेकलेली असावी. कानांचे गोळे चपटे करून त्रिकोण करा, टाचणीच्या गोल डोक्याने आतून खळगा द्या आणि डोक्यावर बसवा. दोन कानांमध्ये साधारण एका कानाएवढी जागा सोडा. बहुतेक जण कान फार जवळ आणि फार वर लावतात. खऱ्या मांजराच्या कानाची बाहेरची बाजू डोक्याच्या कडेला उतरते.

मिटलेल्या डोळ्यांसाठी सुई टोकाने नव्हे, आडवी टेकवून हलकी बाकदार रेघ दाबा. आतला कोपरा नाकाकडे खाली, बाहेरचा थोडा वर. नाकाखाली एक उभी बारीक रेघ आणि तिला दोन बाजूंना छोटे फाटे. झालं. याहून जास्त चेहऱ्यावर काही कोरू नका.

शेवटी केस. केसांची दिशा नाकापासून मागे, कण्यावरून खाली, पायांवरून पंजाकडे असते. सुईने दोन-तीन मिलिमीटरच्या छोट्या रेघा ओढा, पण काम शेपटीकडून सुरू करून डोक्याकडे या. कौलं जशी खालून वर रचत जातात तसं, म्हणजे प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीवर पडते आणि केस एकमेकांवर लोळल्यासारखे दिसतात. सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या आणि समांतर झाल्या तर कंगवा फिरवल्यासारखं वाटतं, म्हणून अधूनमधून दिशा किंचित बदला. रेघ ओढताना उठलेले क्लेचे कण मऊ ब्रशला अल्कोहोल लावून अलगद झाडून घ्या. केसांखाली बोटांचे ठसे झाकले जातात, हा एक फायदाच. नाकावर आणि कानांवर मात्र ठसे दिसतात, तिथे तोच ओला ब्रश फिरवा.

भाजण्याआधी पोटाखाली सुईने तारीख कोरून ठेवा. मी पहिल्या वीस प्राण्यांवर कोरली नाही, त्याची आता खंत वाटते.

भाजणं

इथेच सगळ्यात जास्त चांगली कामं वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

तापमान पुड्यावर छापलेलं असतं आणि तेच पाळायचं. फिमोसाठी ते 110 अंश सेल्सिअस आहे, स्कल्पीच्या बहुतेक प्रकारांसाठी 130च्या आसपास, काटोसाठी 150. अडचण अशी की ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बरंच अंतर असू शकतं. मी एकदा बटण 130वर लावून पांढरा ससा आत ठेवला आणि अर्ध्या तासाने तो तपकिरी होऊन बाहेर आला. नंतर थर्मामीटर ठेवून पाहिलं तेव्हा आत 155 निघाले. तेव्हापासून थर्मामीटर टाइलशेजारी कायम असतो, आणि बटणाकडे मी फक्त अंदाज म्हणून पाहते.

आधी ओव्हन रिकामा तापवा आणि थर्मामीटरचा काटा स्थिर होईपर्यंत थांबा. टाइलवर साधा कागद घाला, त्यावर मांजर ठेवा. थेट टाइलवर ठेवलं तर टेकलेली बाजू चकचकीत होते. वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू करा, तो प्राण्याला टेकता कामा नये. लहान ओव्हनमध्ये तापलेल्या कांड्या अगदी जवळ असतात आणि कानांची टोकं सगळ्यात आधी काळवंडतात. फॉइल ती वाचवतं.

वेळ जाडीवर ठरते. काही पुड्यांवर दर 6 मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं लिहिलेली असतात, काहींवर 30. आपल्या मांजराची जाडी कुठे ना कुठे 13 मिलिमीटरपर्यंत जाते. मी त्याला पाऊण ते एक तास देते. नवखे लोक जळण्याच्या भीतीने लवकर बाहेर काढतात, आणि कमी भाजलेली क्ले हेच मोडण्याचं मुख्य कारण आहे. वरून कडक लागते, आत कण नीट जुळलेले नसतात, आणि महिन्याभराने शेपूट गळून पडते. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळ ठेवल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तापमान चढल्याने. हा फरक लक्षात ठेवा.

प्रत्येक नव्या पुड्यातली थोडी क्ले घेऊन दोन मिलिमीटर जाडीची पट्टी करा आणि प्राण्यासोबत भाजा. गार झाल्यावर वाकवून पाहा. वाकून परत सरळ झाली तर भाजणं नीट झालं. कटकन मोडली तर वेळ किंवा उष्णता कमी पडली, आणि प्राणी पुन्हा आत ठेवता येतो. पॉलिमर क्ले कितीही वेळा भाजता येते.

खिडकी उघडी ठेवा. मायक्रोवेव्ह चालत नाही. क्ले जळू लागली, तिखट वास आला किंवा धूर दिसला तर ओव्हन लगेच बंद करा, खिडक्या सताड उघडा आणि खोलीबाहेर जा. फार तापलेल्या पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि तो डोळ्यांना, घशाला झोंबतो.

वेळ झाली की मांजर लगेच उचलू नका. गरम असताना ते अजून लवचीक असतं, कान दाबले जाऊ शकतात. ओव्हन बंद करून दार जरासं उघडा आणि आतच गार होऊ द्या. एकदम गार केलं तर जाड भागांवर भेगा पडू शकतात.

रंग आणि शेवटचा हात

रंग देण्याची माझी आवडती पद्धत भाजण्याआधीची आहे. सुका, मऊ पेस्टल खडू पात्याने खरवडा आणि ती पूड कोरड्या ब्रशने कच्च्या क्लेवर लावा. तेलकट खडू नको. कानांच्या आत आणि नाकावर गुलाबी, पाठीवर थोडा गडद तपकिरी, शेपटीच्या टोकाला आणखी गडद. कच्च्या क्लेला पूड धरून बसते आणि रंगांच्या कडा आपोआप विरघळलेल्या दिसतात. खऱ्या कातडीवर रंग असेच एकमेकांत मिसळलेले असतात. ब्रशने काढलेल्या पट्ट्यांना हा मऊपणा येत नाही.

भाजल्यावर ॲक्रिलिक रंग वापरता येतात. केसांच्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सगळीकडे लावा आणि लगेच ओल्या कापडाने पुसा. रंग फक्त रेघांत उरतो. गुळगुळीत कातडीचा प्राणी असेल, बेडूक किंवा मासा, तर पाण्यात भिजवून 400, मग 600, मग 1000 नंबरचा सँडपेपर फिरवा.

वॉर्निश पाण्यावर आधारलेलंच घ्या. नेलपॉलिश नको, आणि कॅनमधून उडवायचे स्प्रेही नकोत. त्यांतले कित्येक क्लेवर चिकट होऊन राहतात, काही महिन्यांनी धूळ धरतात आणि मग ती निघत नाही. केसाळ प्राण्याला तर वॉर्निश लागतच नाही.

दुसरा प्राणी: बसलेला ससा

इथे पहिल्यांदा उघडे डोळे येतात. काळ्या क्लेची बारीक वळी करा, पात्याने तिचे सारखे तुकडे कापा आणि प्रत्येकाचा गोळा वळा. सारख्या लांबीचे तुकडे, म्हणून गोळे सारखे. 1:12 च्या सशाला दीड मिलिमीटरचे पुरतात. असे वीस-तीस गोळे एकदम वळून आधीच भाजून ठेवा. कडक झालेला डोळा कच्च्या डोक्यात दाबताना चपटा होत नाही, आणि डोळ्यांची डबी भरलेली असली की पुढचं कितीतरी काम सोपं होतं.

डोळ्यांची जागा ठरवताना प्राणी शिकार करतो की शिकार होतो हे आठवा. मांजर, घुबड, कोल्हा यांचे डोळे समोर बघतात. ससा, हरीण, उंदीर यांचे डोकीच्या बाजूंना असतात, कारण त्यांना चहूकडे लक्ष ठेवावं लागतं. सशाला समोरून दोन्ही डोळे टक लावून बघताना दाखवले की त्याचं माणूस होतं. आधी टाचणीच्या डोक्याने खोबण्या दाबा, डोकं वरून आणि समोरून फिरवून तपासा, दोन्ही खोबण्या एका रेषेत आल्या की मगच डोळे बसवा. फोनवर फोटो काढून पाहिला तर हाताला न जाणवणारा तिरकेपणा लगेच दिसतो. डोळ्यावर केसाएवढ्या बारीक वळीची वरची पापणी ठेवा. पापणी नसलेला डोळा घाबरलेला दिसतो. भाजून झाल्यावर डोळ्यावर चकाकणाऱ्या वॉर्निशचा एक थेंब द्या. उजेडाचा ठिपका त्यात पडतो आणि ससा तुमच्याकडे बघू लागतो.

कान या वेळी पाठीवर पाडलेले ठेवा. ताठ कान पुढच्या सशाला. ते भाजताना मागून कापसाचा किंवा फॉइलच्या बोळ्याचा आधार द्यायला विसरू नका, उष्णतेने क्ले कडक होण्याआधी थोडी सैल पडते. आणि सशाचं मागचं पाऊल लांब असतं, बसताना ते टाचेसकट जमिनीला टेकतं. ते आखूड केलं तर ससा मांजरासारखा बसतो.

चार पायांवर उभा

चार-सहा झोपलेले आणि बसलेले प्राणी झाल्यावर याकडे वळा. उभ्या प्राण्याला आतून तारेचा सांगाडा लागतो. एक तार दोन्ही पुढच्या पायांसाठी, एक मागच्यांसाठी, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत तिसरी. तिघींना एकमेकींभोवती पीळ द्या. पोटाभोवती फॉइलचा घट्ट बोळा गुंडाळा. क्ले वाचते, जाडी कमी होते आणि भाजणं सारखं होतं. पायांच्या तारा एक सेंटिमीटर जास्त लांब ठेवा, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून प्राणी त्यात रोवता येईल आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतील.

गुळगुळीत तारेवर क्ले गोल फिरते. आधी तारेवर द्रव क्लेचा किंवा साध्या क्लेचा पातळ थर देऊन दहा-पंधरा मिनिटं भाजा. त्या खडबडीत थरावर पुढची क्ले घट्ट बसते.

नवख्यांच्या उभ्या प्राण्यांत एक चूक इतक्यांदा दिसते की ती आधीच सांगते. कुत्र्याच्या मागच्या पायाला मध्यावर जो मागे वाकलेला सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा आणि मांजर पायाच्या बोटांवर चालतात, त्यांची टाच कायम हवेत असते. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकेका बोटाच्या टोकावर, म्हणजे खुरावर उभा असतो. अस्वल मात्र माणसासारखं पूर्ण तळपाय टेकवतं. तार वाकवतानाच हे सांधे योग्य जागी वाकवा. वर क्ले चढल्यावर दुरुस्त करता येत नाही.

उजेडासमोर धरून बघायची सवय इथे सगळ्यात जास्त कामी येते. नुसत्या तारेच्या सांगाड्यातच कुत्रा आणि हरीण वेगळे ओळखू आले पाहिजेत. मानेचा कोन, पाठीची रेषा, पायांची जाडी नव्हे तर वाकण्याच्या जागा.

मोडलं तर, आणि नंतर

मोडलेला कान किंवा पाय द्रव क्ले लावून जोडा आणि पुन्हा भाजा. झटपट चिकटणारा गोंद तात्पुरता चालतो, पण तो जोड काळाने ठिसूळ होतो. मिशा लावायच्या असतील तर गालांवर सुईने भोकं भाजण्याआधीच पाडून ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशचे केस सगळं रंगकाम संपल्यावर गोंदाच्या टिपक्यात बुडवून बसवा. लांब ठेवा, नंतर कापता येतात.

तयार प्राणी पॉलिश केलेल्या लाकडावर किंवा कडक प्लास्टिकवर थेट ठेवू नका, खाली कागद किंवा काच असू द्या. धूळ बसली तर मऊ ब्रशने झाडा, फारच मळला तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा आणि केसांच्या रेघांतलं पाणी टिपून घ्या.